ॲनोडायझिंग: रंगाचा 'मुलामा' म्हणावं का?

प्रश्न: कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवर मराठीत लिहितो आहे. लाल-निळे हीटसिंक (भागांची उष्णता बाहेर टाकणारे धातूचे तुकडे), काळे कूलर, सोनेरी कॅबिनेट हे 'ॲनोडाइज्ड' ॲल्युमिनियमचे असतात. त्यांना 'रंगाचा मुलामा दिलेले' म्हटलं तर चालेल का? की 'धनाग्रीकरण' वापरू?

उत्तर: मुलामा नको. मुलामा, कल्हई, विलेपन या सगळ्यांत दुसरा पदार्थ बाहेरून आणून वर चढवतात. इथे थर त्याच ॲल्युमिनियमचा तयार होतो. जॉब (म्हणजे ती वस्तू) स्वच्छ करून सौम्य सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत टांगतात आणि डीसी सप्लायच्या धन टोकाला जोडतात. ॲसिड साधारण १५ ते २० टक्के, तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास, दाब १२ ते १८ व्होल्ट. पृष्ठभागावरच्या धातूचं ऑक्साइड होत जातं. थर काही आत उतरतो, काही बाहेर वाढतो, म्हणून त्याचे ऑइलपेंटसारखे पोपडे निघत नाहीत. वस्तू स्वतःच धनाग्र (ॲनोड, म्हणजे धन टोक) होते, त्यामुळे 'धनाग्रीकरण' अगदी नेमका शब्द आहे. एकदा तो द्या, पुढे खुशाल 'ॲनोडायझिंग' लिहा. वर्कशॉपमध्ये तेच म्हणतात.

आणखी एक उत्तर: वरच्यात एक भर. धनाग्रीकरण म्हणजे रंग देणं नव्हे. टाकीतून निघालेला थर बहुधा बिनरंगी असतो, पण त्यात काही नॅनोमीटर रुंदीची असंख्य उभी छिद्रं असतात. मग जॉब डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या, टाकीत बुडवतात आणि रंग त्या छिद्रांत मुरतो. 'रंग मुरवणे' किंवा, कापडाबद्दल म्हणतो तसं, 'रंग धरणे' इथे चपखल बसतं. या टप्प्यावर उघड्या हाताने धरलं तर बोटांच्या तेलकट ठशावर रंग नीट धरत नाही आणि ठसा कायमचा दिसतो. शेवटी उकळत्या पाण्यात सीलिंग: ऑक्साइड पाणी घेऊन फुगतं, छिद्रं मिटतात. सीलिंग नीट झालं का, हे बघायला डायचा थेंब टाकून पुसतात. डाग राहिला तर छिद्रं उघडी आहेत.

मिश्रधातूही बघावा लागतो. एक्सट्रूजनचा (साच्याच्या तोंडातून दाबून काढलेल्या भागांचा) ६०६३ हा मिश्रधातू स्वच्छ रंग धरतो. सिलिकॉन जास्त असलेलं डायकास्ट (साच्यात दाबाने ओतलेलं) ॲल्युमिनियम राखाडी पडतं, त्याच टाकीत बुडवलं तरी. कॅबिनेटचे दोन भाग वेगळ्या छटेचे दिसतात, त्याचं हे एक कारण.

प्रश्नकर्ता: फार उपयोग झाला. 'काळ्या रंगामुळे हीटसिंक जास्त उष्णता बाहेर टाकतो' हे वाक्य ठेवू का?

उत्तर: 'काळ्या रंगामुळे' काढा, 'ऑक्साइडच्या थरामुळे' लिहा. उघडं चकचकीत ॲल्युमिनियम उष्णतेचं प्रारण (रेडिएशन) फारच कमी करतं. थर आला की ते कितीतरी पटींनी वाढतं, मग रंग काळा असो, लाल असो वा नसो. त्यातही पंखा असेल तर बहुतेक उष्णता हवाच वाहून नेते, तिथे हा फरक नगण्य.

एक सूचना जरूर लिहा: हा थर वीज वाहून नेत नाही. कॅबिनेटला अर्थिंग जोडायचं तर स्क्रूच्या जागी थर खरवडावा लागतो, किंवा ती जागा आधीच झाकून ठेवतात.

आणि कोपरे घासून पांढरट झाले तर 'थर झिजला' म्हणा. उन्हाने डाय फिकट झाला, तर मात्र 'रंग विटला' हेच बरोबर.