अकरावीची क्षेत्रभेट : मिरामार, रायबंदर आणि म्हापसा एका दिवसात जमेल का?

नकाशावाली
अकरावीचे ३६ विद्यार्थी, आम्ही दोघं शिक्षक, एक बस, डिसेंबरातला एक दिवस. बेत असा आहे: शुक्रवार धरायचा, सकाळी म्हापशाच्या बाजारात प्रश्नावली, मग रायबंदरला मांडवीचा वेग मोजायचा आणि शेवटी मिरामारला किनाऱ्याचा उतार. अहवालाचं नाव 'गोव्याचा किनारा, नदी आणि मानव'. शाळेत दोन क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजायचं साधन), एक ३० मीटरची टेप आणि मोबाइलची स्टॉपवॉच एवढं आहे. वेळेचं गणित बसेल का? आणखी काय न्यावं लागेल?

सत्तरीकर
बसणार नाही, आणि ओढूनताणून बसवलंत तरी हाती काही लागणार नाही. 'किनारा, नदी आणि मानव' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ज्याचं उत्तर आकड्यात येईल असा एकच प्रश्न घ्या. 'बांधलेल्या भिंतीसमोरची वाळू मोकळ्या भागापेक्षा जास्त उताराची आहे का?' किंवा 'बाजारात भाजी विकणारे किती किलोमीटरवरून येतात?' अशा प्रश्नाला एक दिवस पुरतो.

आता रायबंदरबद्दल. तिथे मांडवी ही नदी कमी आणि खाडी जास्त आहे. भरतीचं पाणी आत थेट गांजेपर्यंत जातं, त्यामुळे भरती चढत असताना तुम्ही वेग मोजायला सोडलेला तरंगता (पाण्यावर तरंगणारी वस्तू) जुन्या गोव्याच्या दिशेने, म्हणजे उलटा जाईल. दोन गटांनी दोन तासांच्या अंतराने मोजलं तर एकाचा वेग दुसऱ्याशी जुळणार नाही, आणि दोन्ही बरोबर असतील!

नदीचाच वेग हवा असेल तर वाळपईच्या बाजूला गोड्या पाण्याच्या ओढ्यावर या, पण बंधारा बघून. पावसाळा संपला की बंधाऱ्यांना फळ्या लावतात. मग वरच्या बाजूचं पाणी तुंबतं आणि तरंगता जागचा हलत नाही. फुगवटा संपतो त्याच्याही वर, गुडघ्याच्या आत पाणी असेल असा सरळ १० मीटरचा तुकडा निवडा. तरंगता म्हणून संत्रं उत्तम. ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने ढकललं जात नाही. रिकामी बाटली वाऱ्याचा वेग सांगते, पाण्याचा नाही. काठ, मध्य, काठ असे प्रत्येकी पाच वेळा सोडा. पहिल्या खुणेच्या दोन मीटर वरूनच सोडायचं, म्हणजे खुणेपाशी येईतो त्याला प्रवाहाचा वेग मिळालेला असतो. पृष्ठावरचा वेग नेहमी जास्त येतो, म्हणून सरासरीला ०.८५ ने गुणा. समजा पात्र ८ मीटर रुंद, सरासरी खोली ०.४ मीटर, १० मीटरला २५ सेकंद. वेग ०.४ गुणिले ०.८५ म्हणजे ०.३४, पात्राचा छेद, म्हणजे रुंदी गुणिले खोली, ३.२ चौरस मीटर. दोहोंचा गुणाकार म्हणजे विसर्ग, वाहून जाणारं पाणी: सेकंदाला साधारण १.१ घनमीटर.

भरतीओहोटी
सत्तरीकरांशी सहमत. किनारा घेणार असाल तर आधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडा, मगच बस ठरवा. मुरगाव बंदराचं कोष्टक धरायचं. ओहोटीच्या आधी अर्धा तास ते नंतर अर्धा तास, एवढ्यात सगळ्या गटांचं मोजमाप उरकायला हवं. नाहीतर एका गटाची मोजणीची रेघ पाण्याजवळ संपते आणि दुसऱ्याची दहा मीटर अलीकडेच.

उधाणाच्या दिवसांत वाळू जास्त उघडी पडते, म्हणून सगळे अमावास्या-पौर्णिमेकडे धावतात. पण त्या दिवसांतली ओहोटी एका जागी दर पंधरवड्याला जवळपास त्याच घड्याळी वेळेला येते. ती पहाटे आणि संध्याकाळी पडत असेल तर उधाणाचा हट्ट सोडा. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा तीन-चार दिवसांनी ती सकाळच्या सोयीच्या वेळेत येईल. आपल्याकडे एकाच दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, त्यामुळे नुसती वेळ नको, उंचीचा आकडाही बघा. आणि काम सकाळीच करा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन पाठीवर असतं, संध्याकाळी थेट डोळ्यांत.

क्लिनोमीटर शाळेतच ठेवा. वाळूचा उतार दोन-तीन अंशांचा, आणि हाताने धरलेल्या क्लिनोमीटरची चूक एका अंशाची. त्यापेक्षा दोन काठ्या आणि क्षितिज वापरा.

एक इंची पीव्हीसी पाइपचे दीड-दीड मीटरचे दोन तुकडे. प्रत्येकावर शिंप्याची टेप चिकटवा, ती बरोबर १५० सेंटीमीटरची असते. शून्य वरच्या टोकाला. दोन काठ्यांमधल्या अंतरासाठी २ मीटरची पट्टी घ्या. नायलॉनची दोरी नको, ती ताणली जाते. खाली प्लायचा १० सेंटीमीटरचा चौकोन स्क्रूने बसवा, नाहीतर ओल्या वाळूत काठी दोन-तीन सेंटीमीटर रुतते आणि ती चूक प्रत्येक पावलाला साठत जाते.

जमिनीकडच्या काठीमागे उभं राहायचं. समुद्राकडच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत येईपर्यंत डोळा खालीवर करायचा. ती रेषा जवळच्या काठीला जिथे छेदते तो आकडा वाचा. १७ आला तर दोन मीटरमध्ये जमीन १७ सेंटीमीटर उतरली. मध्येच वाळूचा उंचवटा असेल तर उलटं होतं. जवळच्या काठीच्या टोकावरून क्षितिज बघायचं आणि आकडा समुद्राकडच्या काठीवर वाचायचा, ही चढ. वहीत उतार उणे, चढ अधिक. मुलं गोंधळतात ती इथेच. सगळे आकडे एकाच चिन्हाने लिहिले की आलेखात किनारा समुद्राच्या तळाला जाऊन बसतो.

सुरुवात वाळूत कुठूनही नको. भिंतीची पायरी, दिव्याच्या खांबाचा तळ, असं न हलणारं काहीतरी घ्या आणि त्याचा फोटो ठेवा. तिथून पाण्यापर्यंत जा आणि त्याच रेघेवरून परत मोजत या. दोन बेरजांत ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा.

या पद्धतीला मोकळं क्षितिज लागतं. दोनापावलाला समोर मुरगावची टेकडी येते, तिथे ती जमत नाही. वेळसांव ते मोबोर हा सरळ पट्टा त्यासाठी उत्तम. समोर काही आडवं येतच असेल तर गवंड्याची पाण्याची लेव्हल-पाइप वापरा, फक्त पाण्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग टाळा. तिथे कासवं अंडी घालायला येतात आणि डिसेंबर हा हंगामातच आहे.

खाजनबांध
समुद्राचं वेड सगळ्यांनाच, म्हणून एक वेगळा पर्याय सुचवतो. मांडवीतल्या चोडण किंवा दिवाडी बेटावर खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीच्या, बांधावर जा. तिथे मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दारांच्या, आत आणि बाहेर पाण्याचा खारेपणा मोजा. भरती चढली की मानशीची दारं पाण्याच्या दाबाने बंद होतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर जातं. हे सगळं मुलांच्या डोळ्यांसमोर घडतं.

स्वस्त टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घेणार असाल तर एक सांभाळा. ते बहुतेक ९,९९० पीपीएमपर्यंतच दाखवतात, समुद्राचं पाणी ३५,००० च्या घरात. आकडा नाचला की लोक मीटर बिघडला म्हणतात. एक भाग नमुना आणि नऊ भाग डिस्टिल्ड पाणी मिसळा, आकड्याला दहाने गुणा. प्रत्येक नमुन्यानंतर मीटर त्याच डिस्टिल्ड पाण्याने विसळा.

बांधावरून चालायला आधी गावच्या कोमुनिदादीची (गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) किंवा कुळ संघटनेची परवानगी घ्या. चोडणच्या पश्चिम टोकाला पक्षी अभयारण्य आहे, तिथे वन खात्याची. मानशीच्या फळ्यांवर मुलांना पाय ठेवू देऊ नका, त्या शेवाळलेल्या असतात.

नकाशावाली
सगळ्यांचे आभार. नदी आणि बाजार रद्द. बाणावली-कोलवा पट्ट्यावर किनाराच घेते. सहा-सहांचे सहा गट, दर १०० मीटरवर एक रेघ. दोन प्रश्न राहिले. सहाजणांना काम काय वाटून द्यायचं? आणि आलेख कोणत्या प्रमाणात काढायचा?

भरतीओहोटी
दोघं काठ्या धरतील, एक वाचेल, एक मोठ्याने उच्चारून लिहील, एक पट्टी सांभाळेल. सहाव्याच्या हाती ओळंबा: दोऱ्याला बांधलेला नट. काठी तिरकी झाली की तो थांबवणार. वही पेन्सिलनेच लिहायची, शाईवर एक शिंतोडा उडाला की पान गेलं. शिक्षक दोनच आहात, म्हणून रेघा ५० मीटरवर आणा. ५०० मीटरवर विखुरलेले गट नजरेत राहत नाहीत. शेवटची काठी पाण्याच्या कडेला, पाण्यात नाही. जीवरक्षकांना आधी सांगून ठेवा.

सत्तरीकर
आलेखाचं मी सांगतो. समजा किनारा ६० मीटर लांब आणि ३ मीटर उतरतो. दोन्ही अक्षांना एकच प्रमाण घेतलंत तर नुसती आडवी रेघ दिसेल. आडवं १ सेंटीमीटरला ५ मीटर, उभं १ सेंटीमीटरला अर्धा मीटर घ्या, सहाही गटांना तेच. उभं प्रमाण दहापट झालं, ते आलेखावर लिहायला लावा. उताराचा कोन मात्र आकड्यांवरूनच काढायचा: ३ भागिले ६० म्हणजे ०.०५, हा ज्याचा टॅन (tan) तो कोन जेमतेम ३ अंश. आलेखावर कोनमापक ठेवला तर तोच उतार २७ अंश येतो, आणि दर वर्षी कुणीतरी तो अहवालात लिहितंच.