मदत हवी आहे: नवी वेबसाइट झाली आणि दुकान गूगलवरून गायब

कल्हईवाली_सून

नमस्कार मंडळी. विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

कसबा पेठेत, तांबट आळीजवळ आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. दुकान सासरे बघतात. मी नोकरी सांभाळून वेबसाइट, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी आणि कुरिअर बघते. २०१९ मध्ये दिरांच्या एका मित्राने वर्डप्रेसवर साइट करून दिली होती. दिसायला अगदी बाळबोध, पांढऱ्यावर काळं, पण चालायची. ‘तांब्याचा बंब’, ‘कल्हई पुणे’, ‘मठारलेलं घंगाळ’ असलं काही शोधलं की आम्ही पहिल्या पानावर असायचो. नाशिक, ठाणे, कुठूनकुठून फोन यायचे.

गेल्या वर्षी सासऱ्यांच्या ओळखीतल्या एका एजन्सीकडून नवी साइट करून घेतली. दिसते झकास. उघडल्या उघडल्या मोठं चित्र, त्यावर सुलेखनात दुकानाचं नाव, खाली भांडी सरकत जातात. सासरे आल्यागेल्याला मोबाइलवर दाखवतात. पण साइटवरून येणारी चौकशी कमी होत होत जवळजवळ बंद झाली. धनत्रयोदशीच्या आधीचे दिवस म्हणजे आमचा हंगाम. त्या दिवसांतसुद्धा फोन आले ते जुन्या गिऱ्हाइकांचे.

एजन्सीला विचारलं तर म्हणाले, ‘गूगलचा अल्गोरिदम बदललाय, सगळ्यांचंच असं झालंय.’ उपाय म्हणून दरमहा पैसे भरायचं पॅकेज सुचवलंय. त्यात पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारे दुवे) आणि ‘पहिल्या क्रमांकाची हमी’. सासरे चेक फाडायला तयार आहेत, मी अडवून धरलंय.

मला दिसलेल्या गोष्टी सांगते. सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट शोधात कशी दिसते ते सांगणारं गूगलचं साधन) ‘सापडले नाही, ४०४’ या सदरात आमची जुनी पानं ढिगाने आहेत. दुसरं म्हणजे, साइटवर मला माहीतही नसलेली पानं निघाली: ‘कोथरूडमधील सर्वोत्तम तांब्याची भांडी’, ‘हडपसरमधील सर्वोत्तम तांब्याची भांडी’, मग बाणेर, वाकड, खराडी. मजकूर तोच, फक्त उपनगराचं नाव बदललेलं. खराडीत आमचं साधं गोदामसुद्धा नाही हो! तिसरं, कल्हईचं पान पूर्वी मी स्वतः लिहिलेलं होतं, ते आता एक चित्र आहे. अक्षरं बोटाने निवडायला गेलं तर निवडताच येत नाहीत.

गंमत म्हणजे मी दुकानात बसून शोधलं की आम्ही नकाशात पहिले दिसतो, म्हणून सासऱ्यांना वाटतं की सगळं ठीक आहे.

तर प्रश्न असा की हे खरंच अल्गोरिदममुळे झालंय का? पॅकेज घ्यावं का? आणि हाताशी रविवार सोडून वेळ नसेल, तर आधी काय करावं? मला कोडिंग येत नाही, पण वर्डप्रेसमध्ये पान लिहिता येतं.

अर्धवट_टेकी

पॅकेज घेऊ नका. बाकीचं नंतर.

एक सांगा, जुन्या पानांचे पत्ते आणि नव्या पानांचे पत्ते तेच आहेत का बदलले?

कल्हईवाली_सून

बदललेत. पूर्वी पत्त्यातच मराठी शब्द असायचे, ‘तांब्याचा-पाण्याचा-बंब’ वगैरे. आता इंग्रजी अक्षरं आणि आकडे आहेत. जुना दुवा उघडला की ‘अरेरे, हे पान सापडलं नाही’ आणि रडका चेहरा.

पेठेतला_पेन्शनर

अवांतर: ताई, दीड घागरीचा बंब मिळेल का? आमचा गळायला लागलाय. झाळून देणारा माणूस आता मिळत नाही.

कल्हईवाली_सून

काका, मिळेल. आणि आधी जुना घेऊन या, झाळून होत असेल तर नवा कशाला घेता? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

शून्य_एक

ताई, तुमचं अर्धं उत्तर त्या रडक्या चेहऱ्यात आहे. गूगलचा अल्गोरिदम बदलतो हे खरं. २०२४ च्या मार्चमध्ये मोठा बदल झाला होता आणि लहानसहान तर सतत चालू असतात. पण तुमच्या बाबतीत तिथपर्यंत जायची गरजच दिसत नाही. जुन्या पानांनी इतक्या वर्षांत जे कमावलं होतं (कुणी ब्लॉगवर दुवा दिला असेल, कुणी फेसबुकवर), ते सगळं जुन्या पत्त्यांवर जमा होतं. पत्ते बदलताना जुन्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट लावायचे असतात, म्हणजे माणूस आणि गूगल दोघंही आपोआप नव्या पानावर जातात. ते लावलेच नाहीत. पुण्यात एवढ्या पाट्या, आणि जुन्या दारावर ‘आम्ही पलीकडे गेलो आहोत’ ही एकच लावायची राहिली.

आता ते करायचं कसं. आधी जुन्या पत्त्यांची यादी हवी. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांचा डेटा ठेवतं, त्यामुळे आज रात्रीच परफॉर्मन्स अहवालात जाऊन शक्य तितका मागचा कालावधी निवडा आणि पानांची यादी उतरवून ठेवा. क्लिक, इम्प्रेशन (पान शोधात किती वेळा दिसलं) सगळं त्यात येतं. उशीर केलात तर जुन्या साइटचे महिने एकेक करून मागून गळत जातील. त्यात जे सापडणार नाही ते इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर बघा. तिथे तुमच्या जुन्या साइटची पानं बहुतेक जपलेली असतील, कल्हईचा मूळ मजकूरसुद्धा.

मग स्प्रेडशीटमध्ये दोन रकाने करा. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे त्याच विषयाचं नवं पान. बंबाचं पान बंबाच्या पानाकडे, घंगाळाचं घंगाळाकडे. कंटाळून सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवू नका, गूगल असल्या रीडायरेक्टना बहुधा ‘पान नाहीच’ असं धरतं. ज्याला नवं पान नाही, त्याच्यासाठी पान लिहा. वर्डप्रेसमध्ये रीडायरेक्टची फुकट प्लगिनं (वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) आहेत, कोडिंग लागत नाही. लावल्यावर किमान वर्षभर तरी काढू नका. मी तर म्हणेन कधीच काढू नका.

मराठी पत्त्यांबद्दल एक खाचखळगा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारसुद्धा, साठवताना तीन बाइटचं होतं आणि पत्त्यात टक्केचिन्हांसकट नऊ अक्षरं खातं. वर्डप्रेस पानाच्या पत्त्याला २०० अक्षरांची मर्यादा घालतं. तुमच्या ‘तांब्याचा-पाण्याचा-बंब’ मध्येच १८२ भरली. पुढे ‘-किंमत’ असतं तर शेपूट तुटलं असतं. त्यामुळे जुने पत्ते आठवणीने टाइप करू नका, अहवालातून जसेच्या तसे उचला. तुटक्या शेपटासकट.

मार्केटिंगवाला_मंग्या

सगळं पुस्तकी आहे हो. आमच्या क्लायंटना बॅकलिंकनेच फरक पडतो. आणि घाई असेल तर सरळ गूगलवर जाहिराती द्या, ऑरगॅनिकही (जाहिरात नसलेल्या निकालातली जागा) आपोआप वर येतं.

शून्य_एक

मंग्याभाऊ, जाहिरात दिल्याने नैसर्गिक निकालात जागा वर जात नाही, हे गूगलने वारंवार स्पष्ट केलंय. धनत्रयोदशीला चार दिवस जाहिरात द्यायला माझी ना नाही, विक्री होईल. जाहिरात थांबली की विक्रीही थांबेल.

दुव्यांचं महत्त्व मला मान्य आहे. गूगल १९९८ मध्ये उभं राहिलं तेच मुळी दुव्यांवरून पानाची किंमत ठरवण्याच्या कल्पनेवर. पण क्रमांक वाढावा म्हणून विकत घेतलेले दुवे गूगलच्या नियमांत स्पॅम ठरतात. २०१२ च्या ‘पेंग्विन’ नावाच्या अल्गोरिदम-बदलात असल्या दुव्यांवर उभ्या राहिलेल्या कितीतरी साइट झोपल्या. हल्ली गूगल बहुतेकदा अशा दुव्यांकडे नुसतं दुर्लक्ष करतं, म्हणजे पैसे पाण्यात. फार झालं तर मॅन्युअल ॲक्शन (गूगलच्या माणसाने तपासून साइटला केलेली शिक्षा), म्हणजे पाण्यासोबत भांडंही. आणि पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलच्या स्वतःच्या मदत-पानावर लिहिलेलं आहे. सासऱ्यांना तेवढं एक वाक्य दाखवा.

अर्धवट_टेकी

+१

ती कोथरूड-हडपसरवाली पानं आधी काढा. नुसती शोधात दिसण्यासाठी काढलेल्या असल्या सारख्या पानांना डोअरवे म्हणतात, गूगलच्या स्पॅम धोरणात नाव घेऊन मनाई आहे. सरळ उडवा. नोइंडेक्स (‘हे पान शोधात दाखवू नका’ ही खूण) लावणार असाल तर ती पानं रोबॉट्स फाइलमध्ये (गूगलने कुठे जायचं नाही ते सांगणारी फाइल) अडवू नका, गूगलला पान वाचता आलं तरच नोइंडेक्स दिसेल. हा घोळ फार लोक घालतात.

आणि दुकानात बसून शोधणं बंद करा. नकाशातल्या निकालात अंतर हा मोठा घटक असतो. दुकानात बसल्यावर दुकानच दिसणार.

डीटीपी_दादा

चित्राच्या पानाबद्दल. ताई, सासऱ्यांचा जुना कॅटलॉग डीटीपीवाल्याकडे टाइप केलेला होता का? श्रीलिपी वगैरे जुन्या फाँटमध्ये?

कल्हईवाली_सून

हो! नारायण पेठेत. एजन्सीला तीच फाइल दिली होती.

डीटीपी_दादा

मग कोडं सुटलं. त्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर दिसतं मराठी, पण आत इंग्रजी अक्षरांचे सांकेतिक क्रमांक असतात. फाँट काढला की ‘कल्हई’च्या जागी डॉलर, कंस, उद्गारचिन्हं. त्यांनी चिकटवून बघितलं असणार, कचरा आला असणार, मग फाइलचे स्क्रीनशॉट काढून लावले. आमच्या धंद्यात रोजचं आहे. गूगल चित्रातलं थोडंफार वाचतं, पण त्यावर विसंबून कुणी पान करत नाही.

युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणारे अक्षरांचे ठरलेले क्रमांक) बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास सरकतात. ‘मठारकाम’ नीट येईल, ‘पूर्णपात्र’ ला गोता खाईल. डोळ्यांनी एकदा वाचाच.

निमूटपणे_वाचणारी

पानाच्या एचटीएमएलमध्ये (मागच्या कोडमध्ये) भाषा मराठी अशी लावली तर गूगलला कळेल का? आमच्या क्लासची मराठी साइट हिंदी शोधातच जास्त दिसते.

शून्य_एक

गूगल भाषा ओळखतं ती पानावर दिसणाऱ्या मजकुरावरून, कोडमधल्या खुणेवरून नाही. खूण लावा, स्क्रीन रीडरला (अंधांसाठी पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) उपयोगी पडते. पण पानावर दोन ओळी मराठी आणि बाकी ‘ॲड टू कार्ट’ असेल तर गूगलने काय ओळखायचं? मजकूर वाढवा.

ताई, तुमच्या कल्हईच्या पानालाही तेच. काय लिहू असं विचारलं नाहीत, तरी सांगतो. तुमच्या दुकानात रोज जे तोंडी सांगितलं जातं तेच लिहा. पितळी पातेल्यात आमटी का कळकते. ताक, चिंच, आमसूल कल्हई नसलेल्या भांड्यात का ठेवायचं नाही. भांडं तापवून नवसागर टाकून कथील कसं फिरवतात, त्याचे चार फोटो आणि फोटोंना मराठीत वर्णन. कल्हई उडाली हे कसं ओळखायचं. भाव वजनावर असतो की नगावर. हे बाहेरच्या लेखकाला सुचणार नाही.

‘तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिण्याचे फायदे’ असलं पान जुन्या साइटवर असेल तर त्याच्या क्लिक परत मिळवायच्या नादी लागू नका. २०२४ च्या ऑगस्टपासून भारतात गूगल अशा प्रश्नांना वरच एआयने तयार केलेलं उत्तर दाखवायला लागलंय. ते वाचून लोक खाली उतरत नाहीत. त्या पानाने घंगाळं किती विकली, हाही प्रश्नच आहे. बंब शोधणारा मात्र बंब विकत घ्यायलाच आलेला असतो.

कल्हईवाली_सून

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून यादी उतरवली. जुन्या साइटवर सगळ्यात जास्त क्लिक फायद्यांच्या पानाला होत्या, शून्य_एक म्हणतात तेच. पण फोन यायचे ते कल्हईच्या पानावरून, कारण नंबर तिथेच होता. वेबॅक मशीनवर माझा जुना मजकूर मिळाला. सासऱ्यांना हमीवालं वाक्य दाखवलं, ते म्हणाले, ‘मग तो एवढं छातीठोक कसं सांगत होता?’ चेक तूर्तास ड्रॉवरमध्ये.

रीडायरेक्टचं प्लगिन टाकायला गेले तर नवी अडचण. माझ्या लॉगिनला प्लगिन टाकायची परवानगीच नाही, फक्त लेख लिहिता येतात. ॲडमिन, म्हणजे सगळे हक्क असलेलं लॉगिन, एजन्सीकडे. डोमेनचं (साइटच्या नावाचं) बिलही त्यांच्याकडूनच येतं. पॅकेज नाही म्हटल्यापासून फोन उचलत नाहीयेत. काय करू?

अर्धवट_टेकी

डोमेन डॉट इन आहे ना? हूइजवर (डोमेनच्या नोंदी दाखवणारी सेवा) जाऊन नोंदणी कुठल्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणारी कंपनी) आहे ते बघा. डॉट इनची बरीचशी माहिती झाकलेली असते, पण रजिस्ट्रारचं नाव आणि मुदत संपायची तारीख दिसते. तारीख लिहून ठेवा. मग एजन्सीला फोन नाही, ईमेल. तीन गोष्टी मागा: डोमेन दुकानाच्या नावावरच्या खात्यात हलवणं किंवा ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे हलवायला लागणारा सांकेतिक शब्द), वर्डप्रेसचं ॲडमिन, आणि सर्च कन्सोलचं ओनर म्हणून हक्क. पैसे दिल्याच्या पावत्या जोडा. २०१९ मध्ये डोमेन दिरांच्या मित्राने घेतलं होतं ना? त्यांच्या इनबॉक्समध्ये पहिल्या खरेदीचं ईमेल असेल, ते आजच शोधायला सांगा.

कल्हईवाली_सून

दिरांना फोन लावते. मित्र सध्या पिंपरीलाच असतो.

पेठेतला_पेन्शनर

ताई, बंब घेऊन शनिवारी येतो. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं का?