नदीकाठची गावं उचलायची का?

धरमपेठकर:
पूर म्हटलं की आपल्याला पावसाळाच आठवतो. अमेरिकेच्या वायव्य टोकाला मात्र डिसेंबर १९६४ आणि फेब्रुवारी १९९६ चे महापूर भर हिवाळ्यातले. डोंगरावर बर्फ साचलेला, त्यावर समुद्राकडून आलेला उबदार पाऊस कोसळला; दोन्हींचं पाणी एकदमच नदीत. १९९६ ला ऑरेगॉनमधल्या टिलामूकला शेकडो दुभत्या गायी बुडाल्या. एवढा पैसेवाला देश, तरी गोठे पूररेषेतच! माझं मत साफ आहे: काठावरची गावं उचला, उंचावर वसवा. आपल्या नरखेड तालुक्यातलं मोवाड ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीनं नेलं, २०४ माणसं गेली. मग नवं मोवाड वसवलं. आधी का नाही?

कन्हानकाठ:
भाऊ, गाव हलवता येते, वावर नाही हलवता येत. गावठाण दोन कोस लांब गेलं तर रानडुकरांपासून मिरची राखायला जागलीला कोण येणार, तुम्ही?
२०२० च्या ऑगस्टअखेर तोतलाडोह, नवेगाव खैरी धरणांचे दरवाजे उघडले अन् पेंच-कन्हान फुगली. निरोप आमच्यापर्यंत आला तेव्हा गोठ्यात गुडघाभर पाणी. दाव्याची गाठ भिजून अशी आवळली की सुटेना. विळ्यानं कापून म्हशी मोकळ्या केल्या. कुटार गेलं, सोयाबीन सडलं. तोच निरोप चार तास आधी आला असता तर?

जुना इंजिनिअर:
धरमपेठकरांनी अर्धीच गोष्ट सांगितली. तिकडेच, वॉशिंग्टन राज्यातल्या स्नोक्वाल्मी खोऱ्यात शेतकऱ्यांनी शेतात मातीचे उंच भराव घातलेत. इशारा आला की गायी, ट्रॅक्टर, चारा सगळं वर. डोंगरात बर्फाखाली द्रव भरलेल्या उशा ठेवतात. वरच्या वजनावरून बर्फात पाणी किती दडलंय ते कळतं. आपल्याकडे बर्फ नसला तरी धरणं आहेत. साठा किती दलघमी (दशलक्ष घनमीटर), दरवाजे किती उघडले, हे मोजणं तर त्याहून सोपं. २०२० ला मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सुटलेलं पाणी काही मिनिटांत वैनगंगेनं भंडाऱ्यात आणून टाकलं नव्हतं. मधल्या वेळात निरोप कुठं अडला, हे कोणी विचारतच नाही.

धरमपेठकर:
निरोप रात्री दोनला आला, तर म्हाताऱ्या माणसांना नेणार कुठं? भरावावर म्हशी वाचतील. मातीचं घर बसणारच.

गोसेग्रस्त:
पुनर्वसन पाहायचं असेल तर कुहीकडे या बाप्पा. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. आमचं भांडण अजून सुरूच आहे.

नागनदी:
धरमपेठकर, २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरातला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन अंबाझरी लेआउटमध्ये पाणी शिरलं. लेआउट उचला असा धागा तेव्हा तुम्ही काढल्याचं दिसलं नाही. बंगलेवाल्यांना भिंत, खेड्यातल्यांना स्थलांतर?

धरमपेठकर:
नदीला खेटून बांधलेलं शहरातलंही हटवा, मी सही करतो. आणि मोवाडच्या त्या २०४ बद्दल कोणीच बोलून नाही राहिलं.

कन्हानकाठ:
बोलतो न. मोवाडवाल्यांनाही आधी सांगायलाच पाहिजे होतं, तेच तर म्हणून राहिलो. अन् भरावाचं म्हणाल तर आमच्याकडे त्याला जागा फक्त गायरानात, गायरानावर अतिक्रमण, आणि सरपंच म्हणतात पुढच्या ग्रामसभेत घेऊ.