80 हजारांत फुल सस्पेन्शन? नवशिक्यांना काय वाट्टेल ते सांगू नका

ठाणेकर_चेनरिंग

काल एका पोराने विचारलं, बजेट 80 हजार, पहिली एमटीबी (डोंगरात चालवायची सायकल) घ्यायचीय, ठाण्यात राहतो, काय घेऊ. त्याला उत्तर मिळालं, "हार्डटेलमध्ये पैसे घालवू नकोस, डायरेक्ट फुल सस्पेन्शन घे, 25 हजारांत डबल शॉकर येते, उरलेल्या पैशांत पार्ट अपग्रेड कर." आणि त्यावर लोकांचे धडाधड अंगठे. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. (हार्डटेल म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे, फुल सस्पेन्शन म्हणजे पुढेमागे दोन्हीकडे.)

अरे त्या 25 हजारवालीच्या मागे जे लावलेलं असतं ती नुसती स्प्रिंग आहे, आत उसळी रोखणारं डॅम्पिंग नावाला नाही. दगडावर आदळली की दाबली जाणार आणि तेवढ्याच जोरात उसळणार, उतारावर सीटवरून उचलून हँडलवर टाकते. चढावर प्रत्येक पेडलला मागचा भाग खाली-वर, पायातली ताकद स्प्रिंग दाबण्यातच संपते. वजन 18-20 किलो. उपवनपासून येऊरचा चढ एकदा घेऊन दाखवा त्यावर! आणि अपग्रेड कशाचं करणार, मागचा भाग ज्यावर हलतो त्या पिव्हटलाच धड बेअरिंग नसतात, त्या फ्रेमवर शिमानो डेओरचा गिअर सेट चढवून काय होणार आहे?

खरी फुल सस्पेन्शन म्हणजे एअर शॉक, रिबाउंडचा (परत उसळण्याचा वेग ठरवणारा) नॉब, सीलबंद बेअरिंग, चाक घट्ट धरणारा थ्रू अॅक्सल. ओळखीच्या ब्रँडची नवी बघायला गेलात तर बहुतेक दीड-दोन लाखांच्या पुढेच. 80 हजारांत हार्डटेल मात्र झकास येते, पुढे हवेवरचा फोर्क, हायड्रॉलिक ब्रेक, पेडलपाशी एकच चेनरिंग (दातेरी चकती). नवशिक्याने या बजेटमध्ये हार्डटेलच घ्यावी. मागचं चाक उडायला लागलं की माणूस आपोआप लाइन, म्हणजे चाक कुठून न्यायचं ते, निवडायला शिकतो, गुडघे-कोपरं सैल सोडायला शिकतो.

खारघर_उतार

डबल शॉकरबद्दल पूर्ण मान्य. पुढचं अजिबात नाही. नवीच घ्यायची असं कुणी ठरवलं? मी माझी 130 एमएमवाली (सस्पेन्शन तेवढं दबतं) फुल सस्पेन्शन सेकंडहँड घेतली, पुण्यातल्या एकाकडून, जवळपास याच बजेटमध्ये. त्याआधी हार्डटेलवर खारघरच्या डोंगरावरून उतरायचो. आपल्याकडचा दगड काळा, टोकदार, त्यावर मुरूम पसरलेला, चाक कुठे सरकेल भरवसा नाही. घरी आलो की कंबर धरून बसायचो. पन्नाशीला आलेल्या माणसाला "लाइन निवडायला शीक" सांगणं सोपं आहे हो, मणका त्याचा जातो तुमचा नाही. हार्डटेलवर घाबरून सायकल गॅलरीत टांगून ठेवलेली माणसं मी बघितलीत.

ठाणेकर_चेनरिंग

काका, तुम्हाला चांगली मिळाली, आनंद आहे. पण पोराला सेकंडहँड फुल सस्पेन्शन घे सांगताना पुढचा खर्च पण सांगा ना. शॉकच्या एअर कॅनची (हवेच्या डब्याची) सर्व्हिस साधारण 50 तासांच्या रायडिंगला करायची असते, फोर्कच्या लोअर्सची (खालच्या नळ्यांची) पण तितक्यालाच. आपल्याकडे पावसाळ्यात चिखल खाऊन पिव्हटचे बेअरिंग कुरकुरायला लागतात ते वेगळंच. शॉक पंप वेगळा घ्यावा लागतो, मागच्या शॉकमध्ये 150-200 पीएसआय लागतात, साध्या पंपाचं ते काम नाही. आणि 2016 च्या आधीची फ्रेम असेल तर शॉक जुन्या इंचातल्या मापाचा, नवा मेट्रिकवाला (मिलिमीटरच्या मापाचा) त्यात बसत नाही. एका दुकानदाराने माझ्या मित्राचा शॉक सीलकिट येतंय येतंय म्हणत अख्खा सीझन अडकवून ठेवला होता. सायकल भिंतीला टेकलेली, हा रिक्षाने फिरतोय.

खारघर_उतार

मग बघून घ्यायची! सीट धरून मागचं चाक किंचित उचला, कट् असा आवाज आला की पिव्हट नाहीतर शॉकचा बुश गेला. चाक आडवं हलवून बघा. शॉकच्या चकचकीत दांड्यावरून नख फिरवा, नख अडकलं तर सोडून द्या. हवा भरून रात्रभर ठेवायला सांगा. एवढं जमत नसेल तर जाणकार माणूस सोबत न्या, मी जाईन त्या पोराबरोबर. पण "तुझी लायकी हार्डटेलची" हा सूर नको.

ठाणेकर_चेनरिंग

लायकी हा शब्द मी वापरलेला नाही. नीट वाचा.

पाचपाखाडी_पेडल

दोघेही शॉकवर भांडताय, मुद्द्याचं कुणी विचारतच नाही. तो पोरगा चालवणार कुठे? येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. गेटपासून गावापर्यंत डांबरी रस्ता, त्याला फुल सस्पेन्शन कशाला? आणि आतल्या पायवाटा परवानगीशिवाय बंद. ज्यांचे व्हिडिओ बघून पोरं 130 एमएम मागतात ते सगळे बिनपरवाना घुसलेले असतात. मी स्वतः वनरक्षकाने परत पाठवलेले रायडर बघितलेत, वर त्याच्याशीच हुज्जत घालत होते. बिबट्याचं घर आहे ते, पहाटे साडेपाचला हेडलॅम्प लावून उतारावर सुसाट जायची जागा नव्हे.

घोडबंदर_त्रस्त

ताई, नियम फक्त सायकलवाल्यांनाच का? येऊरला रात्री एकपर्यंत बंगल्यांवर डीजे वाजतो, टर्फचे फ्लडलाइट डोळ्यांत जातात, शनिवारी गाड्यांची रांग उपवनपर्यंत येते, तेव्हा बिबट्याला त्रास होत नाही? दोन टायरची सायकल गेली की लगेच जंगल आठवतं. 104 चौरस किलोमीटरचं उद्यान आहे, एक आखलेला सायकल ट्रेल द्यायला काय हरकत आहे? फी लावा, रायडर मोजून सोडा, पावसाळ्यात बंद ठेवा. काहीच द्यायचं नाही आणि मग चोरून जातात म्हणून ओरडायचं.

पाचपाखाडी_पेडल

डीजेविरुद्ध तक्रारी आम्हीच करतोय, तुम्ही किती केल्यात? एक बेकायदा चालतं म्हणून दुसरंही चालू द्या, हा कसला न्याय?

घोडबंदर_त्रस्त

मी न्याय मागत नाहीये, जागा मागतोय. घोडबंदर रोडवर डंपरच्या बाजूने चालवू का? गायमुखला खड्डा चुकवताना माझ्या पुढचा सायकलवाला पडलेला मी डोळ्यांनी बघितलाय, मागून ट्रक थांबला म्हणून वाचला. जंगलात बिबट्याने सायकलवाल्याला काही केल्याचं ऐकलं नाही, रस्त्यावर मात्र रोज भीती आहे. तुम्हाला हे दिसत कसं नाही, कमाल आहे.

पाटोणपाडा

मी येऊरलाच राहतो. तुम्ही सगळे बाहेरून बोलताय म्हणून लिहितो. आमची माणसं त्याच पायवाटेने सरपण, भाजी घेऊन येतात. उतारावर सायकल येते तेव्हा आवाज होत नाही, वळणावर एकदम समोर. माझ्या आईच्या डोक्यावर मोळी होती, ती बाजूला होताना निवडुंगात पडली, सायकलवाला "सॉरी मावशी" म्हणाला आणि थांबलाही नाही. ट्रेल द्या, माझा विरोध नाही, पण कुठून द्यायचा ते आधी पाड्यात येऊन विचारा. आमच्यातली पोरं गाईड म्हणून घ्या. आणि घंटी लावा रे सायकलला, वजन वाढतं म्हणून काढून टाकता.

घोडबंदर_त्रस्त

दादा, थांबला नाही हे चूकच. घंटी लावायला हवी, मान्य. पण ट्रेलची मागणी मी सोडणार नाही.

पाचपाखाडी_पेडल

पाड्याला विचारून आणि वनखात्याची परवानगी घेऊन झाला तर मी पण सही करेन. तोपर्यंत पोराला येऊरच्या आतल्या वाटा दाखवू नका.

वाशी_सेक्टर_नऊ

कुणी लिफ्टबद्दल बोलेल का? आमच्या सोसायटीत सायकल लिफ्टमधून न्यायला बंदी. खाली स्टँडवर ठेवली तर पहिल्याच पावसाळ्यात कुणीतरी सीट पळवली. लाखाची सायकल घेऊन ठेवणार कुठे ते आधी बघा. मी अकराव्या मजल्यावर राहतो, जिन्याने 15 किलो चढवून बघा रोज, फुल सस्पेन्शनची हौस फिटेल.

मीच_तो_पोरगा

नमस्कार, प्रश्न माझाच होता. डबल शॉकर घेत नाही, ते पक्कं. येऊरला आत जाणार नाही, घंटी लावतो. रविवारी खारघरला चाफेवाडीच्या रस्त्याने जायचा विचार आहे, इतर दिवस पारसिक हिलचा चढ. डोंबिवलीत एकजण 120 एमएमची देतोय, 2019 ची, 27.5 इंची चाक, 75 हजार सांगतोय. शिवाय दुकानात 62 हजारांची हार्डटेल बघितलीय. काका खरंच याल का बघायला?

खारघर_उतार

येतो की, शनिवारी सकाळी. शॉकची शेवटची सर्व्हिस कधी केली ते आजच विचार, बिल असेल तर माग. सर्व्हिस झालेली नसेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करायला लाव. टेस्ट राइडला तुझ्या वजनाप्रमाणे हवा भरून सॅग (तू बसल्यावर शॉक किती दबतो ते) 25 ते 30 टक्के बसतो का ते मी बघेन, नाहीतर चांगली सायकलही वाईट वाटते.

ठाणेकर_चेनरिंग

हार्डटेलच घ्यावी हे माझं मत कायम आहे. पण काका सोबत असतील आणि पिव्हट घट्ट निघाले तर मी आडवा येणार नाही, 2019 ची असेल तर शॉकही मेट्रिक असायची शक्यता जास्त. फक्त सगळेच पैसे सायकलवर लावू नकोस, सर्व्हिस आणि टायरला 8-10 हजार बाजूला ठेव. आणि एक अजून, मागच्या डिरेल्युअरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्यावर लटकतो तो तुकडा, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, पडलास की आधी तोच वाकतो. त्या मॉडेलचा सुटा हँगर आपल्याकडे मिळतो का ते पैसे देण्याआधी शोध. मिळत नसेल तर 60 ला दिली तरी घेऊ नकोस.