कला शिकवण्याचा धंदा आणि पदवीची किंमत

पाटीपेन्सिल (धागाकर्ता):

माझ्या भाचीला अमेरिकेतल्या दोन कला महाविद्यालयांची प्रवेशपत्रे आली आहेत. त्यांपैकी एक महाविद्यालय उघडपणे नफ्यासाठी चालवले जाते, दुसरे ना-नफा, म्हणजे मालकांना नफा न वाटणारे आहे. भाची नाशिकची आहे, इंटरमिजिएट ड्रॉइंगला तिला ‘ए’ श्रेणी होती, आणि तिला अॅनिमेशन शिकायचे आहे. गेल्या महिन्यात त्या महाविद्यालयाच्या प्रवेश सल्लागाराचा फोन रात्री साडेदहाला आला, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. तो पाऊण तास बोलला. वसतिगृह, अनामत रक्कम, शिष्यवृत्तीची शुक्रवारपर्यंतची मुदत असे सगळे विषय झाले; तिची चित्रे पाहायची आहेत, असे मात्र तो एकदाही म्हणाला नाही. तेव्हापासून मी या प्रकरणाच्या मागे लागलो आहे.

अमेरिकेतल्या अशा नफ्याच्या कला महाविद्यालयांचा इतिहास थोडक्यात सांगतो. ‘आर्ट इन्स्टिट्यूट्स’ नावाची मोठी साखळी होती आणि तिचे मूळ १९२१ साली पिट्सबर्गमध्ये सुरू झालेल्या एका शाळेत होते. पुढे ती एज्युकेशन मॅनेजमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या हाती गेली आणि गोल्डमन सॅक्स या बड्या बँकेसारखे गुंतवणूकदार त्या कंपनीत भागीदार झाले. प्रवेश मिळवून देणाऱ्या कर्मचाऱ्यांना विद्यार्थ्यांच्या संख्येवर मोबदला देण्यास तिथल्या कायद्याची मनाई आहे, आणि तसा मोबदला दिल्याच्या आरोपावरून २०१५ मध्ये कंपनीने सरकारशी ९ कोटी ५५ लाख डॉलरची तडजोड केली. २०१७ मध्ये साखळी विकली गेली आणि ३० सप्टेंबर २०२३ रोजी उरलेल्या आठ शाखांनाही टाळे लागले. नोकऱ्या व पगार यांबाबत विद्यार्थ्यांची दिशाभूल झाल्याचा निष्कर्ष काढून सरकारने मे २०२४ मध्ये सुमारे ३ लाख १७ हजार जणांचे मिळून ६.१ अब्ज डॉलरचे कर्ज माफ केले.

माफ झाले ते तिथले सरकारी शैक्षणिक कर्ज, आणि ते विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलांना मिळतच नाही. भाचीचे कर्ज इथल्या बँकेचे असेल आणि तारण म्हणून माझ्या बहिणीचे घर लागेल. उद्या महाविद्यालय बंद पडले, तर वॉशिंग्टनहून कोणीही नाशिकच्या घराची काळजी करणार नाही. म्हणून माझे मत असे आहे की, ज्या संस्थेला विद्यार्थी अपयशी ठरल्याची झळ पोहोचत नाही आणि तो दाखल झाल्याचा मात्र फायदा होतो, तिच्या पदवीवर घर तारण ठेवू नये.

रोटोवाला:

आपण दिलेला इतिहास खरा आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. मी स्वतः अशाच एका नफेखोर म्हटल्या जाणाऱ्या संस्थेत शिकलो आणि गेली नऊ वर्षे व्हँकुव्हरमध्ये कंपोझिटिंग, म्हणजे चित्रपटातल्या वेगवेगळ्या दृश्यांचे थर जोडून एक चित्र करण्याचे काम, करतो आहे. बारावीला मला ५१ टक्के होते. पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या निवडक चित्रांचा संच, मागणाऱ्या नामांकित महाविद्यालयाने मला दारातही उभे केले नसते, कारण पोर्टफोलिओ म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हते. सल्लागाराने चित्रे मागितली नाहीत, याचा तुम्हाला राग आला. माझ्यासारख्याला तेवढीच एक फट सापडली होती.

दुसरे असे की, ‘ना-नफा’ या शब्दावर आपण फार विसंबता आहात. १८७१ पासूनची, मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराचे भित्तिचित्र अंगावर मिरवणारी सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूट ना-नफाच होती. २०२२ मध्ये तिचे वर्ग थांबले आणि पुढच्या वर्षी तिने दिवाळखोरी जाहीर केली. फिलाडेल्फियाची युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सही ना-नफा होती, आणि ३१ मे २०२४ ला बंद होण्याची बातमी देऊन ७ जूनला तिने दारे लावली. एका आठवड्यात मुले रस्त्यावर आली! याउलट न्यूयॉर्कचे स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स १९४७ मध्ये सुरू झाले, अनेक दशके नफ्याच्या तत्त्वावर चालले आणि कीथ हॅरिंगसारखा चित्रकार तिथे शिकून गेला. हॉलीवूडमधल्या नोमॉनचे नाव व्हिज्युअल इफेक्ट्सच्या क्षेत्रात आजही आदराने घेतले जाते, आणि ती संस्थाही नफ्यासाठीच चालते.

हिशेबनीस:

कीथ हॅरिंगने तिथली पदवी पूर्ण केलीच नव्हती. हे उदाहरण नेमके कोणाच्या बाजूचे, याचा रोटोवाले यांनी पुन्हा विचार करावा.

आता आकडे मांडतो. समजा, चार वर्षांसाठी ८० लाख रुपये कर्ज काढले, व्याजदर ११ टक्के आणि मुदत १५ वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ९१ हजार रुपये येतो आणि एकूण परतफेड १ कोटी ६३ लाखांच्या पुढे जाते. शिकत असतानाचे व्याज मी यात धरलेलेच नाही. पदवी शुद्ध चित्रकलेची असेल, तर शिक्षणानंतर तिथे काम करण्याची परवानगी बारा महिन्यांची असते. त्या अवधीत व्हिसाची दुसरी सोय झाली नाही, तर हा हप्ता मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या पगारातून भरायचा आहे. नव्याने लागलेल्या रोटो कलाकाराचा (चित्रपटाच्या चौकटींतून आकृती कापून वेगळ्या करणाऱ्याचा) पगार त्या हप्त्याच्या आसपासही नसतो, हे रोटोवाले माझ्यापेक्षा अधिक जाणतात. संस्था नफ्याची की बिननफ्याची, हा प्रश्न या हप्त्यापुढे गौण आहे.

रोटोवाला:

हॅरिंगबाबतची चूक मान्य. हप्त्याबाबतही वाद नाही. मी गेलो तेव्हा शुल्क कमी होते आणि माझ्या वडिलांनी गावाकडची जमीन विकली होती, हे मी आधीच लिहायला हवे होते.

खडूमाती:

मी एका सरकारी कला महाविद्यालयात सत्तावीस वर्षे शिकवून निवृत्त झालो. इथे पदवीला काय मोल आहे याची चर्चा चालली आहे, पण चार वर्षांत वर्गात काय घडते याबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

मानवाकृती रेखाटनाच्या वर्गात एक मुलगी खांद्यापासून खाली चित्र उत्तम काढायची आणि मान दर वेळी चुकायची. तिचा बोर्ड मी वरची बाजू खाली करून भिंतीला टेकवला आणि तिला पाच पावले मागे जायला सांगितले. दोन मिनिटे ती गप्प उभी राहिली आणि मग म्हणाली, “सर, मान खांद्यांच्या मधून निघतच नाहीये, वरून ठेवली आहे.” ती चूक मी तिला आधी तीनदा तोंडी सांगितली होती. हे दोन मिनिटे थांबणे हेच शिक्षण असते, आणि ते तिथेच शक्य होते जिथे शिक्षक दर सत्राला बदलत नाही. नफ्याचा दबाव आला की पहिली कात्री लागते ती कायमस्वरूपी शिक्षकाला. तासावर नेमलेला शिक्षक पुढच्या वर्गाकडे पळत असतो.

पण आमच्या बाजूचीही लाज सांगतो. शुल्क नाममात्र होते हे खरे, तरी माझ्या विभागातली पदे वर्षानुवर्षे रिकामी होती आणि अखेरच्या काळात आम्हीही तासावरच्या शिक्षकांवर वर्ग ढकलत होतो. १८५७ पासून जे. जे. स्कूल असलेल्या राज्यात सरकारी जागा इतक्या थोड्या आहेत की, उरलेल्या मुलांना खाजगी वाट धरावीच लागते. आपल्याकडे पदवी देणाऱ्या खाजगी संस्था बहुधा न्यासाच्या नावाने चालतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात नफेखोरीला मनाई करून वाजवी शिलकीला मुभा दिली, त्यामुळे आपल्या दारावर ‘नफा’ अशी पाटी कोणी लावत नाही. शुल्काची पावती पाहिली की त्यांतल्या काही ठिकाणी पाटीची गरजही उरत नाही.

पाटीपेन्सिल:

खडूमाती सरांचे म्हणणे माझ्या मूळ मुद्द्याला जोडूनच आहे, फक्त त्यांनी ते माझ्यापेक्षा नीट सांगितले. रोटोवाले यांची फटीची गोष्टही मला पटते. पण फट उघडी ठेवायची आणि आत आलेल्यांपैकी किती जण पदवीपर्यंत पोहोचले ते सांगायचे नाही, हे मला मान्य नाही. अमेरिकी सरकारच्या कॉलेज स्कोअरकार्ड या महाविद्यालयांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर काही आकडे मिळतात, परंतु तिथले कमाईचे आकडे सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचे असतात, म्हणजे भाचीसारखी मुले त्यात मोजलेलीच नाहीत.

म्हणून मी परवा सल्लागाराला तीन प्रश्न लेखी पाठवले. चार वर्षांपूर्वी भारतातून आलेल्यांपैकी किती जणांनी पदवी पूर्ण केली? ते आज काय काम करतात? आणि निवडक नव्हे, तर मागच्या तुकडीतल्या मधल्या दर्जाच्या विद्यार्थ्यांची शोरील, म्हणजे त्यांच्या कामाच्या नमुना चित्रफिती, पाहायला मिळतील का? काल उत्तर आले. शिष्यवृत्तीची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत वाढवली आहे, एवढेच त्यात होते.

रोटोवाला:

हेच तीन प्रश्न त्या दुसऱ्या, ना-नफा महाविद्यालयालाही पाठवा आणि त्यांचे उत्तर इथे जसेच्या तसे लिहा.

पाटीपेन्सिल:

त्याच दिवशी पाठवले आहेत. अजून उत्तर नाही.