शब्दचर्चा: भूऔष्णिक ऊर्जेतला ‘वर्किंग फ्लुइड’

दादरकर: संवर्धित भूऔष्णिक प्रणालींवरच्या (खोल, तापलेल्या खडकात भेगा पाडून, त्यांतून पाण्यासारखं काही फिरवून उष्णता वर आणायची, त्या प्रणाली) लेखाचं भाषांतर तपासतेय. ‘वर्किंग फ्लुइड’ला सगळीकडे ‘कार्यकारी द्रव’ केलंय, चालेल? ‘रिझर्वॉयर’चं ‘जलाशय’ मी आधीच खोडून ‘साठा’ केलंय. चार-पाच किलोमीटर खालच्या ग्रॅनाइटला जलाशय म्हटलं तर वाचकाला पवई तलावच दिसायचा.

चेंबूरकर: ‘द्रव’ नको. तुलना पाणी आणि कार्बन डायऑक्साइडची आहे ना? कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू, म्हणजे ज्याच्या वर द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही तो, ३१ अंश सेल्सियस आणि सुमारे ७४ बार. तापलेल्या खडकात तो द्रव नसतो, वायूही नसतो, अतिक्रांतिक असतो. विश्वकोशातला ‘द्रायू’ घ्या, त्यात द्रव आणि वायू दोन्ही येतात. पाण्याचा क्रांतिक बिंदू ३७४ अंश, २२१ बार. म्हणून २०० अंशांच्या साठ्यात ते दाबाखाली द्रवच राहतं.

मुलुंडकर: द्रायू ठीक, पण खरा घोळ वेगळा आहे. इथे फेरे दोन असतात. भरण विहिरीतून खाली जाऊन, भेगांतून तापून उपसा विहिरीतून वर येतो तो एक. जमिनीवर त्याच्या उष्णतेने उकळून टर्बाइन फिरवतो तो दुसरा. फ्रान्समधल्या सुल्त्सच्या भूऔष्णिक प्रकल्पात खाली खारं पाणी आणि वर आयसोब्युटेन (उत्कलनबिंदू उणे १२ अंशांच्या आसपास) असा जोड होता. दोघांना एकच शब्द दिलात तर लेखातला तक्ता वाचताच येणार नाही. खालच्याला ‘उष्णतावाहक द्रायू’, वरच्याला ‘कार्यकारी द्रायू’. कार्बन डायऑक्साइड थेट टर्बाइनमध्ये सोडला तरच दोन्ही नावं त्याला लागू.

दादरकर: मग हे वाक्य पाहा: ‘कार्बन डायऑक्साइडची उष्माधारकता (किलोमागे उष्णता वाहून नेण्याची क्षमता) कमी असूनही तो आपोआप वाहतो.’

चेंबूरकर: ‘असूनही’ चुकीचं, या दोन गोष्टींचा संबंधच नाही. आपोआप वाहतो तो घनतेमुळे. १०० बारला २० अंशांवर त्याची घनता घनमीटरला साधारण ८५० किलो, २०० अंशांवर जेमतेम १२०. पाण्याची त्याच दाबाला सुमारे १००० वरून ८७०. (खोलीबरोबर दाब वाढतो, त्यामुळे अख्ख्या विहिरीत फरक इतका टोकाचा राहत नाही.) भरण विहिरीतला स्तंभ जड, उपसा विहिरीतला हलका, म्हणून पंपाचं काम कमी होतं. श्यानता, म्हणजे दाटपणा, तीही कमी, त्यामुळे त्याच भेगांतून किलो जास्त जातात आणि उष्माधारकतेची तूट बरीचशी भरून निघते.

मुलुंडकर: ‘स्केलिंग’ला ‘गंज’ केलं असेल तर तेही बदला. गरम पाण्यात विरघळलेली सिलिका थंड होताना उष्णता-विनिमयकाच्या नळ्यांत बसते, ते ‘पुटं चढणं’. कोरड्या कार्बन डायऑक्साइडला हा त्रास फारसा नाही. पण साठ्यातलं पाणी मिसळलं की कार्बोनिक आम्ल तयार होऊन साध्या पोलादाची केसिंग (विहिरीच्या आतली नळी) खाल्ली जाते. गंज म्हणायचा तो हा.

दादरकर: आणि ‘फ्लुइड लॉस’? ‘गळती’ लिहिलंय.

चेंबूरकर: गळती पाइपाची. खडकात जातं ते मुरतं. पाणी मुरलं तर बाहेरून आणून भरावं लागतं. कार्बन डायऑक्साइड मुरला तर तेवढा जमिनीखाली साठवला गेला, असं त्याचे समर्थक धरतात. ‘मुरण’ लिहा.