एसपी रोडचा जुना स्विच आणि आमच्याकडचा वळीव

टिळकवाडीकर:
काल बंगळूरच्या एका मित्रानं इथं लिहिलं: "बेळगावच्या कॉलेजांनी आणि कारखान्यांनी नव्या नेटवर्क स्विचवर पैसा घालू नये. आमच्या एसपी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तेच मॉडेल जुनं, पाव किमतीत मिळतं. स्विच म्हणजे स्विच." हा स्विच म्हणजे दिव्याचा खटका नव्हे, संगणक आणि कॅमेरे केबलनं एकमेकांना जोडणारी पेटी. वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बारा वर्षं एका संशोधन संस्थेचं नेटवर्क सांभाळतोय. जुना माल घेण्याला माझी हरकत नाही. पण त्या मॉडेलला कंपनीचा सपोर्ट किती वर्षं उरलाय, हे कोण बघतं? सपोर्ट संपल्यावर फर्मवेअरमध्ये, म्हणजे स्विचच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, सुरक्षेचं भोक सापडलं तर ते बुजवायला कुणी येत नाही. लायसन्सही बऱ्याच वेळा पहिल्या मालकाच्याच नावावर अडकलेलं असतं.

त्यात पीओईचं, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज पुरवायचं, गणित. ४८ पोर्टांच्या, म्हणजे ४८ केबली लागणाऱ्या, स्विचवर ७४० वॉट लिहिलेलं असतं. भागून बघा, पोर्टामागे १५.४ वॉट येतात. ते ८०२.३एएफ, २००३ चं मानक. वाय-फाय ६ चे बरेच एपी (छतावर लावायची वाय-फायची यंत्रं) त्यानंतरच्या ८०२.३एटी मानकाचे ३० वॉट मागतात. सगळे पोर्ट भरले तर १४४० वॉट हवेत. आमच्या वसतिगृहात नवे एपी लावले आणि शेवटचे चार कधी चालू, कधी बंद. तीन आठवडे आम्ही केबल तपासत बसलो होतो!

उद्यमबागवाला:
काय सांगूलाय ओ तुम्ही. तुमच्याकडं सरकारी अनुदान आहे. माझी फौंड्री आहे, पगार मला द्यायचा असतो. नवा स्विच घेतला, दुसऱ्या वर्षी भट्टीजवळच्या धुळीनं त्याचा पंखा अडकला आणि बसला. तेव्हापासून जुने तीन घेतले. एक चालू, दोन कपाटात, तिन्हींवर तेच कॉन्फिगरेशन. सहा वर्षं झाली. बंद पडला की आमचा पोरगा अर्ध्या तासात बदलतो. तुमच्या वॉरंटीचा माणूस किती तासांत येतो?

टिळकवाडीकर:
बरोबर बोललात, आणि ते मला झोंबलं. करारात 'दुसऱ्या दिवशी बदली' लिहिलेलं होतं. पेटी पाचशे किलोमीटरवरून यायची होती, ती चौथ्या दिवशी आली. कपाटातला स्पेअर, एवढं तुमचं मान्य. पण भट्टीजवळ पंख्याचा स्विच ठेवणं चूकच होतं. तिथं बिनपंख्याचा, बंद पेटीतला औद्योगिक स्विच लागतो.

निपाणीकर:
स्पेअर सगळे ठेवू म्हणतात, पण मागवायचा बंगळूरूनच का? कोल्हापूर आम्हाला हाकेच्या अंतरावर. आमच्या कॉलेजच्या कार्यालयानं सांगितलं, राज्याबाहेरचं बिल नको, जीएसटीची भानगड होते. कसली भानगड? इथं घेतलं तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, तिथं घेतलं तर आयजीएसटी. बेरीज तीच, १८ टक्के. सीमेवर राहणाऱ्या माणसाला साधी खरेदीही सुखानं करू देत नाहीत.

आणि एल-वनचा, म्हणजे सगळ्यात कमी दरवाल्यालाच काम द्यायचा, घोळ वेगळाच. टेंडरमध्ये नुसतं '४८ पोर्ट, गिगाबिट' लिहिलं की सगळ्यात स्वस्त खोकं गळ्यात पडतं. अपलिंक (स्विचला पुढच्या नेटवर्कशी जोडणारा पोर्ट) १० गिग, पीओईचे वॉट, सपोर्टची वर्षं आणि किती तापमानात चालला पाहिजे, हे लिहायचं कुणी?

खानापूरकर:
तुम्ही सगळे खोक्यावर भांडताय. आमच्याकडं खोकं मरतं ते आभाळातल्या विजेनं. दोन वर्षांपूर्वी एप्रिलअखेर वळवाचा पहिला पाऊस आला. प्रयोगशाळा आणि ऑफिस, मध्ये ८० मीटर. शंभर मीटरच्या मर्यादेत आहे म्हणून ठेकेदारानं कॅट-सिक्स, म्हणजे तांब्याची नेटवर्क केबल, वरूनच ओढली होती. आवारातल्या नारळावर वीज पडली. नारळ नुसता करपला, पण दोन्हीकडचे स्विच आणि अकरा कॅमेरे गेले. नवे, महागडे, वॉरंटीतले. कंपनी म्हणाली, वीज वॉरंटीत येत नाही. दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची केबल घालायचीच नाही, फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, घाला.

चिकोडीचा वायरमन:
दादा, दोष केबलचा नाही, अर्थिंगचा आहे. अर्थिंगचा खड्डा नीट मारला असता तर काही झालं नसतं. फायबर म्हणजे श्रीमंतांचे लाड.

खानापूरकर:
खड्डा होता. कोळसा-मीठ घातलेला, ठेकेदाराच्या बिलासकट.

चिकोडीचा वायरमन:
पाणी कोण घालत होतं? वीस वर्षं खड्डे मारतोय मी, मला शिकवू नका.

खानापूरकर:
शिकवत नाही, पण ऐकून तर घ्या! तुमच्याकडं काळी जमीन, ती ओल धरते. आमच्याकडं जांभा. एप्रिलअखेर तो हाडासारखा कोरडा असतो आणि नेमका तेव्हाच वळीव येतो. खड्ड्याचा रोध सगळ्यात जास्त, तेव्हाच वीज. शिवाय दोन इमारतींना दोन वेगळे खड्डे. वीज एकीकडं उतरली की तिथल्या जमिनीचं व्होल्टेज क्षणभर चढतं, दुसरीकडं चढत नाही. तो फरक तांब्याच्या केबलमधून स्विचमध्ये शिरतो. एक खड्डा कितीही चांगला मारा, दोघांतला फरक राहतोच. काचेतून तो जातच नाही.

उद्यमबागवाला:
आम्ही फायबर घातलं होतं, तरी एक एसएफपी, फायबर स्विचला जोडायचा तुकडा, जळालं.

खानापूरकर:
आर्मर्ड, म्हणजे पोलादी कवचाची, केबल होती का? ते कवच दोन्ही टोकांना रॅकला जोडलं असेल, तर तांब्यासारखाच मार्ग तयार होतो. बिनधातूची केबल पाईपमधून घाला.

उद्यमबागवाला:
आर्मर्डच होती. उंदरांसाठी घेतली.

चिकोडीचा वायरमन:
दोन्ही खड्डे जाड पट्टीनं जोडले तर फरक कमी होतो, हे तुम्ही सांगितलंच नाही. आणि कोळसा-मीठ सोडा, बेंटोनाइट माती घाला, ती ओल धरून ठेवते.

खानापूरकर:
जोडल्यानं कमी होतो, हे खरं. आम्ही जोडले नव्हते. पण ८० मीटर पट्टी जमिनीत पुरायचा खर्च काढा आणि फायबरचा काढा.

मूळ पोस्टवाला, बंगळूर:
चर्चा माझ्या मुद्द्यावरून कुठल्या कुठं गेली. माझं ऑफिस सातव्या मजल्यावर, सगळी वायरिंग एकाच इमारतीत, त्यामुळं विजेचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. तेवढं मागं घेतो. जुन्या मालाबद्दल मात्र माझं मत तेच आहे. उद्यमबागवाल्यांची सहा वर्षं कुणी खोडून काढलेली नाहीत.

टिळकवाडीकर:
खोडून काढत नाही. फौंड्रीला चाललं. माझ्याकडं शास्त्रज्ञ रात्रभर डेटा पाठवतात, तिथं सपोर्ट संपलेला स्विच मी लावणार नाही.

चिकोडीचा वायरमन:
खानापूरकर, रविवारी अर्थ टेस्टर घेऊन येतो. पाऊस पडायच्या आत रोध मोजू. पट्टीचा आणि फायबरचा, दोन्ही दर तुम्ही काढून ठेवा.